दीड ग्रॅमचा हिशोब : हॉपच्या सोड्याच्या नोंदी

३० एप्रिल २०२५, आखाजी (अक्षय्य तृतीया). अमळनेर

ताई माहेरी आली, सोबत भाचा. आमरस आणि खापरावरच्या पोळ्या हाणून दुपारी सगळे आडवे झाले, तेव्हा भाच्याने सॅकमधून दोन रुपेरी पाकिटं काढून माझ्या पोटावर ठेवली. "मामा, हे घ्या. उन्हाळ्यात तुमचे उद्योग चालू असतात ना."

पाकिटांत हॉप, बिअरला कडूपणा आणि वास देतात ते. भाचा पुण्यात एका परवानाधारक छोट्या ब्रुअरीत कामाला आहे. दोन्ही पाकिटं ५० ग्रॅमची, हॉपच्या दोन जातींची. एकावर मॅग्नम, अल्फा आम्ल १३ टक्के. दुसऱ्यावर कॅस्केड, ६.२ टक्के. आत कोंबडीच्या खाद्यासारख्या दिसणाऱ्या हिरव्या गोळ्या. हॉपच्या वेलीला मादी फुलांचे छोटे शंकू येतात, त्यांच्या पाकळ्यांच्या बुडाशी ल्युप्युलिनची पिवळी चिकट भुकटी असते. कडूपणा आणि वास, सगळा माल त्या भुकटीत. शंकू वाळवून, दळून, दाबून या गोळ्या करतात. वेल गांजाच्याच कुळातली आहे, पण ही माहिती घरात कोणाला देण्याची गरज नाही.

बिअर करायचा प्रश्नच नाही. एक तर १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आपल्याकडे परवान्याशिवाय दारू तयार करणं गुन्हा आहे. आणि कायदा परवडला, पण माय माळकरी आहे. तिने पाकीट हातात घेऊन वास घेतला आणि विचारलं, "हाई काय शे रे? दारू ते नही ना?" नाही म्हटलं. यीस्ट नाही, आंबवणं नाही, तर दारू कुठून होणार. करायचा आहे हॉपचा सोडा : दोन लिटर पाण्यात हॉप उकळायचं, गाळून गार करायचं, लिंबू पिळायचं, वरून दोन लिटर सोडा. एकूण चार लिटर. भाचा म्हणाला, "कडूपणासाठी मॅग्नम दीड ग्रॅम, जास्त नको. साध्या पाण्यात कडू लपत नाही."

दीड ग्रॅम. मी जिनिंगच्या ऑफिसात कापसाच्या गाठींचे हिशोब लिहितो, एकेक गाठ पावणेदोनशे किलोच्या आसपास. दीड ग्रॅम म्हणजे आमच्याकडे पासंगालाही पुरत नाही.

२ मे

रात्री भाच्याने सूत्र समजावून दिलं ते इथे लिहून ठेवतो, नाहीतर विसरेन.

हॉपमधलं अल्फा आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही. उकळलं की त्याचं रूप बदलतं, आयसो-अल्फा होतं, आणि तेच जिभेला कडू लागतं. एका लिटरमध्ये एक मिलिग्रॅम आयसो-अल्फा म्हणजे ढोबळमानाने १ आयबीयू, कडूपणा मोजायचं एकक. टाकलेल्यातलं किती बदलतं हे उकळीच्या वेळेवर. ग्लेन टिन्सेथ नावाच्या अमेरिकन माणसाचं सूत्र वापरतात. त्यात साखर नसलेल्या पाण्यासाठी १५ मिनिटांच्या उकळीला साधारण १८ टक्के येतात. ते सूत्र माल्टच्या काढ्यासाठी बसवलेलं आहे, साध्या पाण्याला ते तंतोतंत लागू पडणार नाही. पण एका खेपेची दुसऱ्या खेपेशी तुलना करायला पुरेल.

१ ग्रॅम मॅग्नम = १३० मिलिग्रॅम अल्फा. त्याचे १८ टक्के म्हणजे २३. भागिले ४ लिटर = ५.८.

म्हणजे दीड ग्रॅमला ८.७. आता आमचा स्वयंपाकघरातला काटा एका ग्रॅमच्या पायरीने चालतो. तो २ दाखवतो तेव्हा खरं वजन दीडपासून अडीचपर्यंत काहीही असू शकतं. ८.७ ते १४.५. डाळीत मीठ एवढं मागेपुढे झालं तर ताट सरकवून माणूस उठून जाईल.

ब्रुअरीत हा प्रश्न येत नाही. तिथे हजार लिटरला चारशे ग्रॅम टाकताना एक ग्रॅम कुठे गेला कोण विचारतो. छोट्या पातेल्याचंच दुखणं आहे हे.

४ मे. खेप पहिली

हाताशी आहे त्याच काट्यावर केलं. वाटी ठेवली, शून्य केलं, एकेक गोळी टाकत गेलो. आकडा शून्यावरच. आणखी एक. शून्य. गोळ्या हलक्या आहेत म्हटलं. बऱ्याच गोळ्यांनंतर १ आला, मग १ आणि २ मध्ये फडफडायला लागला. तिथे थांबलो. फडफडतोय म्हणजे दीड, असा माझा तर्क.

१५ मिनिटं उकळलं. पाणी तांबूस झालं. आच बंद करून कॅस्केडचा एक चमचा टाकून झाकण ठेवलं, वीस मिनिटांनी फडक्यातून गाळलं. वास अप्रतिम. पपनस सोलल्यावर सालीचा येतो ना, तस्सा. घरात सगळे ग्लास घेऊन बसले.

मायने एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला. "काढा शे हाई. माले ताप नही शे." बायको म्हणाली, "अहो, कडुनिंबाचा पाला उकळला असता तर पाकिटाचे पैसे तरी वाचले असते." पैसे भाच्याचे होते, पण मुद्दा बरोबर. घशात ओरखडा राहतो, पाण्याने जात नाही.

चार लिटर गुलमोहराच्या आळ्यात.

५ मे

ऑफिसातून आल्यावर काट्याची झडती घेतली.

वीस गोळ्या मोजून बाजूला काढल्या. आधी सगळ्या एकदम वाटीत ओतल्या : ४. काढल्या, शून्य केलं, आता सावकाश, दहा-पंधरा सेकंदांनी एकेक टाकली : शेवटी २. पुन्हा केलं : १. त्याच गोळ्या, तीच वाटी, तोच काटा.

भाच्याला फोन लावला. हसला. इलेक्ट्रॉनिक काट्याला स्वतःचं शून्य सांभाळायची सवय लावलेली असते. उष्णतेने, हवेने आत थोडी सरकासरक होते. ती दिसू नये म्हणून काटा शून्याच्या जवळ असताना बारीकसा बदल 'हे वजन नाही, सरकलेलं शून्य आहे' असं समजून पोटात घालतो. एक गोळी जेमतेम ०.२ ग्रॅमची. मी टाकली, काट्याने गिळली. दुसरी टाकली, तीही गिळली. वाटी ठेवून शून्य केलं की काटा पुन्हा शून्यावरच उभा, म्हणून तेही धोक्याचं.

उपाय साधा निघाला. शून्य करायचंच नाही. वाटी ठेवायची, ६२ दाखवतो तर ६२ लिहायचं, माल टाकायचा, पुन्हा वाचायचं, वजाबाकी कागदावर करायची. बासष्टवर उभा असलेला काटा शून्य शोधायला जात नाही. बटणाने सोय केली आणि सोयीनेच घात केला. जिनिंगमध्ये भरलेला ट्रॅक्टर वजन करून, मग रिकामा वजन करून कापसाचं वजन काढतो आम्ही रोज. तेच घरी सुचलं नाही.

तरीही एका ग्रॅमची पायरी ती एका ग्रॅमचीच. ऑनलाइन खिशात मावणारा काटा मागवला : क्षमता ५०० ग्रॅम, पायरी ०.०१.

८ मे

आज सखाराम महाराजांचा रथ. बोरीच्या पात्रात यात्रा भरलीय, घरात पाहुणे. काही केलं नाही.

११ मे

काटा आला. निळा दिवा, झाकण, दोन दशांश स्थळं. खेळण्यासारखा दिसतो. दोन दशांश स्थळं दाखवतो म्हणजे ती खरी आहेत असं नाही, हे आता कळतंय, म्हणून तपासायला ठरलेल्या वजनाची वस्तू हवी. भाच्याने युक्ती सांगितली होती : नाणी. रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅम.

खिशातला रुपया ठेवला. ३.०८. पुन्हा ३.०९. फिरवून ठेवला, ३.०८.

म्हणजे काटा ०.७ ग्रॅम कमी दाखवतो. निदान सातत्याने तरी कमी दाखवतो. मग दीड ग्रॅम खरे हवे असतील तर आकडा ०.८ वर थांबायचं. हिशोबनीसाला यात काय अवघड.

१३ मे. खेप दुसरी

काट्यावर ०.८० मॅग्नम. बाकी सगळं तसंच.

माय दोन ग्लास प्यायली. "आते बरं शे. निस्तं लिंबूपानी शे." मी आणि बायको एकमेकांकडे पाहत बसलो. कडूपणा जवळपास नाहीच. वास आहे, पण जिभेवर टेकायला काही नाही. या वेळी दीड ग्रॅम टाकलेत, मग गेले कुठे?

१४ मे

मुलगी गल्ल्यातली नाणी मांडत बसली होती. रुपयांची चवड रचत होती आणि चवड सारखी ढळत होती. "पप्पा, हे रुपये सारखे नाहीत." बघतो तर खरंच. काही मोठे, काही लहान.

२०११ पासूनचा रुपया २२ मिलिमीटरचा, ३.७९ ग्रॅमचा. २०१९ मध्ये अंधांना चाचपून ओळखता यावीत म्हणून नाण्यांची नवी मालिका आली, तिच्यातला रुपया २० मिलिमीटरचा आणि ३.०९ ग्रॅमचा. माझ्या खिशातला नवा होता. काटा बरोबर होता, रुपया दुसरा होता, आणि मी बरोबर काट्यात ०.७ ची चूक घालून ठेवली. प्रत्यक्षात ०.८ ग्रॅमच पडलं. ४.७ आयबीयू. लिंबूपाणीच ते.

जुना रुपया ठेवला : ३.८०. जुना पाचाचा, जो ६ ग्रॅमचा असतो : ६.०१. नवा पाचाचा ६.७४ चा, तो ६.७५. जुना दोनाचा ४.८५ चा, तो ४.८४. वापरून नाणी झिजतात, मळतात, शेवटच्या आकड्याचा हट्ट नको. पण चार वेगवेगळी नाणी एकाच दिशेला साक्ष देतात म्हणजे काटा चांगला आहे. एकाच साक्षीदारावर निकाल दिला ही माझी चूक.

पाचाचं एक स्वच्छ जुनं नाणं काट्याच्या झाकणात टेपने चिकटवून ठेवलंय. वजनाच्या वेळी सोडवायचं.

१७ मे

संध्याकाळी शेजारच्या सोनारकाकांच्या दुकानात मॅग्नमचं पाकीट घेऊन गेलो. आखाजीची गर्दी ओसरलीय, काका निवांत होते. त्यांच्याकडे काचेच्या दारांचा इलेक्ट्रॉनिक काटा आहे, आणि मागच्या कपाटात वडिलांच्या वेळचा, लाकडी पेटीतला पितळी काटा. मला दुसऱ्याचीच ओढ होती.

पाकीट पुढे केलं तर त्यांनी एक गोळी चिमट्यात धरून दिव्याखाली फिरवली. "कितलं मोजानं शे?"

"दीड ग्रॅम."

"सोनं शे का ते?"

आधी इलेक्ट्रॉनिक काट्यावर पाकिटातला सगळा माल तोलला : ४६.१८. इथे माझ्यातला हिशोबनीस जागा झाला. ५० मधून ४६.१८ गेले, उरले ३.८२. त्यातले ०.८० दुसऱ्या खेपेचे. म्हणजे पहिल्या खेपेला, सांडलवंड धरून, ३ ग्रॅम पडले होते. दीडच्या जागी तीन. साडेसतरा आयबीयू! माय काढा म्हणाली त्यात काही चूक नव्हती.

मग काकांनी पेटी उघडली. काटा दोरीने वर उचलला, पारडी झुलली, काटा मध्यावर येईपर्यंत ते बोलले नाहीत. श्वाससुद्धा बाजूला सोडत होते. डाव्या पारड्यात कागदाचा तुकडा, उजवीकडे तेवढाच तुकडा. "धडा कर पहिले." मग कागदावर गोळ्या, समोर चिमट्याने बारीक वजनं. १.५२.

मी लिहायला लागलो तर म्हणाले, "थांब. पारडा बदली पाह्य." गोळ्या उजवीकडे, वजनं डावीकडे. १.४८.

दांडीचे दोन हात केसभर जरी लहानमोठे असले तरी एका बाजूला माल जड होतो, दुसऱ्या बाजूला तेवढाच हलका. दोन्हीकडून तोलून मधला आकडा घेतला की दांडीची खोड आपोआप कटते. १.५०. माझ्या खिशातल्या काट्यावर तोच ढीग वजाबाकीने तोलला : १.५०. समाधान वाटलं, खोटं कशाला बोलू.

काकांनी गुंजांचा डबाही दाखवला. लाल, डोक्यावर काळा ठिपका. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आता बाजारात तोळा म्हणजे सरळ १० ग्रॅम. त्या मापाने गुंज साधारण ०.१२ ग्रॅमची आणि माझं दीड ग्रॅम म्हणजे एक मासा आणि वर चार-साडेचार गुंजा. वीस गुंजा एकत्र तोलल्या : २.३१, म्हणजे एकीला ०.११५. सुट्या तोलल्या तर कुठे ०.०९, कुठे ०.१४. "म्हनीसन एक गुंज कोनी मोजे नही," काका म्हणाले. मूठभर घ्यायच्या, भागायचं.

घरी येताना डब्लिनच्या गिनेस ब्रुअरीतला गॉसेट आठवला. बी. कॉम.ला संख्याशास्त्रात टी-चाचणी घोकली होती, ती याची. थोडेच नमुने हाताशी असताना सरासरीवर किती भरवसा ठेवायचा हा ब्रुअरीतला रोजचा प्रश्न, त्यातून १९०८ मध्ये त्याने 'स्टुडंट' या टोपणनावाने तो निबंध छापला. परीक्षेत त्याचं सूत्र लिहून गुण मिळवले, पण तो बार्ली आणि हॉपवाल्यांचा माणूस होता हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर जास्त लक्ष दिलं असतं.

२१ मे

बारीकसारीक :

पंखा. चालू असताना शेवटचा आकडा ०.०३ पर्यंत नाचतो. पंखा बंद करून या दिवसांत पाच मिनिटं बसणं म्हणजे तपश्चर्या. काट्याला पुठ्ठ्याचं खोकं आडवं घातलं, पंखा चालू ठेवला, काम झालं.

ओटा. गॅस पेटलेला असताना त्याच ओट्यावर काटा ठेवला तर शून्य हळूहळू चढतं. आता देवघराशेजारच्या फरशीवर मोजतो. माय म्हणते, देवासमोर माप केलं की मापात पाप होत नाही.

फ्रीजर. हॉप थंडीत ठेवायचं असतं, नाहीतर अल्फा झडतं. पाकीट काढल्या काढल्या ५ ग्रॅम ठेवले तर आकडा थांबेचना : ५.००, ५.०२, ५.०५. दमट हवेतलं पाणी थंड गोळ्यांवर बसत होतं आणि मी पाणी तोलत होतो. आभाळ भरून आलं होतं, दोनदा सरीही आल्या. पाकीट बंद ठेवूनच अर्धा तास बाहेर राहू द्यायचं, मग उघडायचं, मोजायचं, हवा दाबून काढून पुन्हा आत.

चमचा बाद. एका सपाट चमच्यात अख्ख्या गोळ्या बसतात त्याच्या दीडपट भुगा बसतो.

२५ मे. खेप तिसरी

सगळं नीट करायचं ठरवलं आणि करताना लक्षात आलं की हॉप शेवटच्या गुंजेपर्यंत मोजून मी पाणी लोट्याने घेतोय. वर उकळताना वाफ जाते ती वेगळीच. दोन लिटरचं पातेलं १५ मिनिटांनी तोललं तर १.७ किलो. आयबीयू हा भागाकार आहे. वरचा आकडा घासूनपुसून घेतला आणि खालचा मोकळा सोडला तर काय उपयोग. इथे जुना स्वयंपाकघरातला काटा कामाला आला. एक ग्रॅमची पायरी पाण्यासाठी चैनच. पातेलं आधी रिकामं तोललं, शेवटी गार पाणी घालून काढा बरोबर २ किलोवर आणला. त्या काट्याला उगाच शिव्या घातल्या मी. त्याला त्याचं काम दिलं नव्हतं.

मॅग्नम १.५०, वजाबाकीने, तीनदा मोजून (१.५०, १.४९, १.५०). उकळण्याआधी अर्धं लिंबू. आमचं बोअरचं पाणी जड आणि अल्कधर्मी, त्यात उकळलेलं हॉप तांबूस होतं आणि घशाला ओरखडतं. लिंबाने रंगही फिका पिवळा राहिला. कॅस्केड ४ ग्रॅम, आच बंद केल्यावर वीस मिनिटं. कॅस्केडला मी दोन-तीन दशांशांचं मागेपुढे चालवून घेतो. उकळीबाहेर कडूपणा फारसा उतरत नाही आणि वासाची मोजणी नाकानेच होते. गार झाल्यावर आणखी दोन लिंबं, प्यायच्या वेळी सोडा.

चांगला झाला. बायकोने दुसरा ग्लास मागितला. ताईला व्हिडिओ कॉलवर दाखवला. मला मात्र कडूपणा ८.७ पेक्षा थोडा कमी वाटला. ८.७ ची चव कशी असते हे मला माहीत आहे असं नाही, पण पहिल्या खेपेच्या निम्मा असायला हवा होता, तेवढा नव्हता.

१ जून

भाच्याशी बोललो. पाकिटावरचा १३ हा काढणीनंतर प्रयोगशाळेत मोजलेला आकडा. त्यानंतर हवा लागली, उष्णता लागली की तो उतरत जातो. माझं पाकीट आखाजीपासून दोन आठवडे फ्रीजच्या दारात, तोंडाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून होतं. त्याआधी पुणे ते अमळनेर एप्रिलच्या उन्हात एसटीने. "दहा टक्के गेलं असं धरा, मामा. चाखून ठरवा." पाकीट उघडून हुंगलं तर मॅग्नमला किंचित जुन्या चीजचा वास यायला लागलाय. तीच खूण म्हणाला.

म्हणजे मी दीड ग्रॅम शंभराव्या भागापर्यंत मोजतोय आणि ज्या टक्क्याने गुणायचं तो टक्काच सुमारे दहाव्या हिश्शाने हललाय. मोजण्यात ०.०५ ची चूक झाली तर ०.३ आयबीयू. इथे टक्का हलल्याने जवळजवळ ०.९. यापुढे ०.०५ च्या आत आलं की हात थांबवायचा. तिसऱ्या दशांशाचा काटा घ्यायचा विचार मनात आला होता, तो सोडला.

हॉपची शेती आपल्या देशात हिमाचलच्या लाहौलमध्ये होते. आमच्याकडे व्हायची नाही. उन्हाळ्यात लांबच लांब दिवस लागतात त्या वेलीला, ते २१ अंश अक्षांशावर कुठून आणायचे. आमच्या बाजूला केळी.

८ जून. खेप चौथी

मॅग्नम १.५ ÷ ०.९ = १.६७. काट्यावर १.६६ आलं, राहू दिलं, मग सवय आडवी आली आणि चुरा टाकून १.६७ केलं. पाणी तोलून. लिंबू आधी अर्धं, नंतर दोन. पाचाचं नाणं आधी ६.०१, नंतर ६.००.

हा बरोबर आहे. पहिल्या घोटाला लिंबू, मग वास, आणि गिळल्यावर जिभेच्या मागे कडू येतं आणि थोडं थांबून जातं. शेव-भाजीनंतर तर फारच चांगला. माय म्हणाली, मागचाच बरा होता, लिंबूपाण्याचा. तिच्यासाठी पुढच्या वेळी वेगळी बाटली ०.८ ची.

फ्रीजमध्ये ठेवलाय, दोन-तीन दिवसांत संपवायचा.

रात्री पाकीट बंद करण्याआधी शिल्लक जुळवली. १७ तारखेला ४६.१८. वजा १.५०, वजा १.६७. पुस्तकी शिल्लक ४३.०१. काट्यावर ४२.५९. तूट ०.४२. दोनदा मोजलं. फरशी झाडली, खोकं उलटं करून आपटलं, पुठ्ठ्याच्या घड्या उघडून पाहिल्या. महिन्याभरापूर्वी अर्धा ग्रॅम म्हणजे मला धूळ वाटली असती, आज झोप येईना.

९ जून

सकाळी दुकानावरून जाताना सोनारकाकांनी हाक मारली. गल्ल्याच्या कप्प्यातून कागदाची पुडी काढली, सोन्याची बांधतात तशीच, चार घड्यांची. "तुन्या दोन गोया मनाकडे राही ग्यात." पितळी काट्याच्या पेटीतल्या मखमलीवर सापडल्या म्हणे, एक अख्खी आणि एक तुटकी. पुडीवर पेन्सिलने वजन लिहिलेलं होतं : ०.४२.